पालाश ते पैसेवारी: विज्ञानाच्या जुन्या शब्दांचा आढावा

खताच्या गोणीवर १०:२६:२६ असे आकडे असतात. केज तालुक्यातल्या युसूफ वडगावात, किंवा बीड जिल्ह्यातल्या कुठल्याही गावात, त्यांचा अर्थ विचारला तर उत्तर ठरलेलं: दहा टक्के नत्र, सव्वीस टक्के स्फुरद, सव्वीस टक्के पालाश. त्याच गावातल्या मुलांच्या विज्ञानाच्या पुस्तकात मात्र नायट्रोजन, फॉस्फरस आणि पोटॅशियम आहेत. माती परीक्षणाच्या अहवालात ‘सेंद्रिय कर्ब’ असतो, रसायनाच्या धड्यात ‘कार्बन’. एकाच घरात बापाची परिभाषा वेगळी आणि लेकीची वेगळी. शाळेने हे शब्द सोडून बरीच वर्षं झाली, शेताने ते अजून धरून ठेवले आहेत.

विज्ञानातले जुने शब्द हा विषय निघाला की आपल्याकडे एक तर हळहळ होते, नाही तर थट्टा. या दोन्हींत मुख्य प्रश्न बाजूला राहतो: कुठला शब्द का गेला, कुठला का टिकला, आणि टिकलेल्याच्या पोटात काय शिल्लक आहे? इंग्रजीत या प्रश्नावर दीडशे वर्षं काम झालं आहे. तिथे विस्मृतीत गेलेल्या शब्दाचीही जन्मतारीख आणि शेवटच्या वापराची तारीख सापडते. मराठीत अशी नोंद विखुरलेली आहे. ती गोळा करून पाहिली तर बरंच काही हाती लागतं, आणि त्यातलं पुष्कळसं आपल्या जिल्ह्याच्या आसपासच आहे.

आधी पालाशाचंच पाहू. पालाश म्हणजे पोटॅशियमचं जुनं मराठी नाव, असं आपण धरून चालतो. पण गोणीवरचा तिसरा आकडा पोटॅशियमचा नसतोच. तो पोटॅशियम ऑक्साइडच्या हिशेबाने मांडलेला असतो, आणि सुटं पोटॅशियम ऑक्साइड तर गोणीत कणभरही नसतं. एकोणिसाव्या शतकातले रसायनतज्ज्ञ वनस्पती जाळून राख तोलत आणि राखेतले घटक ऑक्साइडच्या रूपात मांडत. ती रीत खतांच्या व्यापारात रुजली आणि जगभर तशीच राहिली. त्यामुळे सव्वीस टक्के पालाश म्हणजे प्रत्यक्षात साधारण साडेएकवीस टक्के पोटॅशियम. स्फुरदाचं अंतर त्याहून मोठं आहे: सव्वीस टक्क्यांत मूलद्रव्य फॉस्फरस जेमतेम सव्वाअकरा टक्के. याचा अर्थ, गोणीपुरता शेतकऱ्याचा ‘पालाश’ हा शब्द पाठ्यपुस्तकातल्या ‘पोटॅशियम’पेक्षा अधिक अचूक आहे. तो ज्या गोष्टीचं नाव आहे तीच गोष्ट तिथे मोजलेली असते.

आणि ती गोष्ट म्हणजे राखेतला क्षार. इंग्रजीतला ‘पोटॅश’ हा शब्दच ‘भांडं’ आणि ‘राख’ या दोन शब्दांचा जोड आहे. लाकडाची राख पाण्यात कालवायची, निथळलेलं पाणी भांड्यात आटवायचं, खाली उरेल तो पोटॅश. १८०७ मध्ये हम्फ्री डेव्हीने त्यातून विजेच्या साहाय्याने धातू वेगळा काढला आणि त्याला पोटॅशियम म्हटलं. त्याची रासायनिक खूण मात्र ‘कॅलियम’ या नावावरून आली. ते नाव अरबी ‘कली’वरून आलं, आणि कली म्हणजे पुन्हा वनस्पतींची राखच. आपल्याकडे जवाचं झाड जाळून जो क्षार काढत त्याचं नाव जवखार. आयुर्वेदात क्षार काढायच्या झाडांमध्ये पळस आहे, म्हणून पलाशक्षारही आहे. पालाश या शब्दात पोटॅशचा उच्चार आणि पळसाची राख दोन्ही आहेत. मराठीत घडवलेल्या शेकडो पारिभाषिक शब्दांत इतका नेमका शब्द मला दुसरा आठवत नाही. नत्र आणि स्फुरदही त्याच घडणीचे. फॉस्फरस या ग्रीक नावाचा अर्थ ‘प्रकाश आणणारा’, आणि स्फुरदाच्या मुळाशी स्फुरण्याची, लकाकण्याची कल्पना आहे.

यांच्याशेजारी डॉ. रघुवीरांचे शब्द ठेवून पाहा. स्वातंत्र्यानंतरच्या काळात नागपुरात बसून या विद्वानाने संस्कृत धातू, उपसर्ग आणि प्रत्यय यांच्या बळावर सगळ्या विज्ञानासाठी शब्द घडवले. ऑक्सिजन म्हणजे जारक, नायट्रोजन म्हणजे भूयाति, कार्बन म्हणजे प्रांगार. या पद्धतीत शिस्त आहे, आणि तिच्यामागचे कष्ट अफाट आहेत. पण हे शब्द ज्याच्या तोंडी यायचे, तो माणूस त्या खोलीत नव्हता. कर्ब, नत्र आणि पालाश यांना खताची गोणी मिळाली, पेरणीचा हंगाम मिळाला, शेतीशाळा मिळाली, पुढे आकाशवाणीवरचे शेतीचे कार्यक्रम मिळाले. प्रांगाराला कोश मिळाला आणि तो तिथेच राहिला.

वापराच्या या बळाचा सगळ्यात चांगला पुरावा सोनाराच्या दुकानात आहे. डाग लावताना सोनार टाकणखार वापरतो. त्याने धातूवरचा मळ निघतो आणि डाग नीट वाहतो. हा टाकणखार संस्कृत ‘टंकण’. तिबेटातल्या सरोवरांकाठचा हा क्षार व्यापाऱ्यांबरोबर पश्चिमेला गेला आणि नावही बरोबर घेऊन गेला. इंग्रजीत तो ‘टिंकल’ झाला. युरोपातल्या रसायनाच्या जुन्या पुस्तकांत कच्च्या बोरॅक्सचं हेच नाव असे. एकोणिसाव्या शतकात अमेरिकेत बोरॅक्सच्या खाणी सापडल्या, तिबेटचा माल मागे पडला आणि टिंकल हा शब्द इंग्रजी कोशातल्या मागे पडलेल्या शब्दांत जाऊन बसला. ज्या भाषेने तो उसना घेतला होता तिथे तो गेला. आपल्याकडे सोनाराच्या बैठकीवर त्याची पुडी आजही असते.

अशीच गोष्ट ‘टुटी’ या इंग्रजी शब्दाची. जस्ताच्या भट्टीच्या धुराड्यात जमणारी पूड, ती डोळ्यांच्या औषधात घालत. आज हा शब्द जुन्या औषधांच्या अभ्यासकाशिवाय कुणाला ठाऊक नाही. तो फ्रेंच आणि लॅटिनमधून अरबी ‘तूतिया’कडे जातो, आणि तिथून बहुधा आपल्या ‘तुत्था’कडे. तुत्थ म्हणजे तांब्याचा निळा क्षार, मोराच्या गळ्याच्या रंगाचा, म्हणून मयूरतुत्थ; आपण त्याला मोरचूद म्हणतो. इंग्रजीत याच मोरचुदाला पूर्वी ‘ब्लू व्हिट्रिऑल’ म्हणत. त्याचे स्फटिक काचेसारखे दिसतात, आणि लॅटिनमध्ये काचेला ‘व्हिट्रम’ म्हणतात. आता तिथल्या पुस्तकांत कॉपर सल्फेट आहे. आपल्याकडचा डाळिंब-मोसंबीवाला मात्र दुकानात जाऊन मोरचूदच मागतो. एक किलो मोरचूद, एक किलो चुना, शंभर लिटर पाणी: हे एक टक्क्याचं बोर्डो मिश्रण. फ्रान्समधल्या बोर्दो भागातल्या द्राक्षमळ्यांवरून ते १८८५च्या सुमारास जगभर गेलं. फ्रान्सचं गाव आणि संस्कृतातला मोर एका फवारणी पंपात एकत्र नांदतात, आणि ते कुणालाही खटकत नाही.

या थरातले शब्द मला सगळ्यात श्रीमंत वाटतात, म्हणून आणखी थोडं इथेच थांबतो. तेजाब हा फारसी शब्द, ‘तेज’ आणि ‘आब’, म्हणजे जहाल पाणी. लॅटिनमध्ये नत्राम्लाचं जुनं नाव ‘अक्वा फॉर्टिस’, म्हणजे बळकट पाणी. दोन्हीकडच्या कारागिरांनी एकाच द्रवाकडे पाहून जवळजवळ एकच नाव दिलं. नवसागराचा सागराशी काही संबंध नाही. फारसी ‘नौशादर’ मराठी जिभेवर आला आणि ओळखीच्या शब्दाचा वेष घेऊन बसला. त्याच्या इंग्रजी जुन्या नावात इजिप्तच्या आमोन देवाचा उल्लेख आहे, कारण लिबियाच्या वाळवंटातल्या त्या देवाच्या मंदिराजवळून तो येतो असा समज होता. अमोनिया वायूचं नाव तिथून आलं. हरताळ हे आर्सेनिकचं पिवळं खनिज. लॅटिन नावाचा अर्थ ‘सोनेरी रंग’, आणि इंग्रजीतला ‘ऑर्पिमेंट’ त्याचाच झिजलेला उच्चार. पोथी लिहिताना चूक झाली की लेखक त्या अक्षरांवर हरताळाचा लेप देई आणि वर नव्याने लिही. ते खनिज आता कुणाच्या घरात नाही, पोथ्या लिहिण्याची रीतही गेली, तरी नियमांना हरताळ फासल्याची बातमी वर्तमानपत्रात नित्य येते. बाजार बंद ठेवण्याचा हरताळ मात्र वेगळा. तो ‘हाट’ आणि ‘ताळा’ यांतून आलेला.

गणितातली वाट उलट दिशेची आहे. दहावीच्या त्रिकोणमितीतला ‘साइन’ आपण इंग्रजीतून घेतला, आणि इंग्रजीने लॅटिनमधून. लॅटिन ‘सायनस’चा अर्थ वस्त्राची चूण किंवा छातीशी असलेली खोळ. वर्तुळाच्या कोनाशी खोळीचा काय संबंध? तो भाषांतरातून आला. आर्यभटाने इसवी सन ४९९ च्या आपल्या ग्रंथात अर्ध्या जीवेची कोष्टकं दिली. धनुष्याची दोरी ती ज्या किंवा जीवा. अरबांनी ‘जीवा’ तशीच उचलून ‘जीबा’ केली. अरबी लिपीत स्वर लिहीत नाहीत, म्हणून पुढच्या वाचकांनी ती अक्षरं ‘जैब’ अशी वाचली, आणि जैब म्हणजे अंगरख्याची खोळ. बाराव्या शतकातल्या लॅटिन भाषांतरकारांनी अर्थ पाहून ‘सायनस’ लिहिलं. उर्दूच्या वाटेने हाच जैब मराठवाड्यात ‘जेब’ होऊन आला. म्हणजे आपल्या बोलीतला खिसा आणि शाळेतला साइन हे एकाच अरबी शब्दाचे दोन वंशज ठरतात. इकडे केरो लक्ष्मण छत्र्यांच्या काळापर्यंत मराठी ज्योतिषगणितात ज्या आणि कोटिज्या नांदत होत्या, आणि पंचांगकर्त्यांच्या गणितात त्या अजून आहेत. शाळेच्या फळ्यावर त्या नाहीत. त्या परत आणाव्यात असं मी म्हणणार नाही. पण साइन शिकवताना ही वाट मुलांना दोन मिनिटांत सांगता येते, आणि ती सांगितली जावी असं मला मनापासून वाटतं.

देवघेव एकाच दिशेने झाली नाही, हेही इथेच नोंदवायला हवं. आरोग्य केंद्र, मतदान केंद्र, कृषी सेवा केंद्र: यांतला केंद्र हा ग्रीक ‘केंत्रोन’. वराहमिहिराच्या आधीच तो ज्योतिषाबरोबर संस्कृतात शिरला. किमतीला आपण दाम म्हणतो तो ग्रीक ‘द्राख्मे’, संस्कृतात ‘द्रम्म’. भास्कराचार्यांची लीलावती सुरू होते तीच अशा मापांनी: वीस वराटकांची एक काकिणी, चार काकिणींचा एक पण, सोळा पणांचा द्रम्म, सोळा द्रम्मांचा निष्क. वराटक म्हणजे कवडी. ती ‘फुटकी कवडी’ एवढ्यापुरती उरली. काकिणी कुणाला आठवत नाही. चाळीसगावजवळच्या पाटण्याला भास्कराचार्यांचा नातू चांगदेव याने आजोबांचे ग्रंथ शिकवण्यासाठी मठ काढला. त्याच्या दानाचा शिलालेख शके ११२८ चा, आणि त्यातला काही भाग मराठीत आहे. बाजारात येणाऱ्या मालावरची कसली पट्टी मठाला द्यायची, हे त्यात सांगितलं आहे. विकाऊ मालाला त्यातला शब्द आहे ‘केणे’. गणिताच्या शिक्षणासाठी बाजाराने पैसा दिला त्याची ही नोंद, आणि तिच्यातला बाजाराचा शब्दच आता मराठीतून गेला आहे.

आता चुकीच्या कल्पनांवर बसवलेल्या शब्दांकडे वळू. विज्ञानाच्या इतिहासात असे शब्द दोन प्रकारचे आहेत. काही कल्पनेबरोबर गेले. जळणाऱ्या वस्तूतून ‘फ्लॉजिस्टन’ नावाचं द्रव्य बाहेर पडतं, असं अठराव्या शतकात मानत. जोसेफ प्रिस्टलीने १७७४ मध्ये ऑक्सिजन वेगळा केला तेव्हा त्याने त्याला ‘फ्लॉजिस्टन काढून घेतलेली हवा’ असं लांबलचक नाव दिलं होतं. लाव्वाझ्येने तो सिद्धांत मोडला आणि शब्दही गेला. पण लाव्वाझ्येचा स्वतःचा ‘ऑक्सिजन’ हा शब्दही चुकीवरच उभा आहे. त्याचा अर्थ ‘आम्ल उत्पन्न करणारा’. सगळ्या आम्लांत हा वायू असतो असं त्याला वाटलं, आणि मिठापासून निघणाऱ्या आम्लात तो मुळीच नसतो हे डेव्हीने पुढे दाखवून दिलं. सिद्धांत गेला, नाव राहिलं. मराठी प्राणवायूचं तसं झालं नाही. हा शब्द योगशास्त्रातल्या पंचप्राणांमधून उचलला, आणि श्वासाशी असलेला त्याचा संबंध नव्या अर्थातही खराच ठरला. २०२१ मध्ये रुग्णालयांत सिलिंडर कमी पडले तेव्हा मराठी वर्तमानपत्रांनी प्राणवायू हा शब्द मथळ्यांत वापरला आणि तो कुणाला समजावून सांगावा लागला नाही.

मलेरिया हे याहून जवळचं उदाहरण. इटालियनमध्ये त्याचा अर्थ ‘वाईट हवा’. दलदलीतल्या दूषित हवेने हा ताप येतो, ही कल्पना दोन हजार वर्षं चालली. ती कायमची मोडली २० ऑगस्ट १८९७ रोजी, सिकंदराबादेत, म्हणजे त्या वेळी आपला बीड जिल्हा ज्या निजामाच्या मुलखात होता त्याच मुलखात. रोनाल्ड रॉस यांना तिथे एका डासाच्या पोटात हिवतापाच्या जंतूची वाढ दिसली. हवा निर्दोष ठरली, तरी जगभर नाव ‘वाईट हवा’च राहिलं. मराठी हिवतापाने कारणाबद्दल काही म्हटलंच नव्हतं. हीव भरतं आणि ताप येतो, एवढंच त्याने सांगितलं, म्हणून सिद्धांत बदलला तरी शब्दाला धक्का लागला नाही. जिल्ह्याच्या ठिकाणी हिवताप अधिकाऱ्याच्या कार्यालयाची पाटी आजही तशीच आहे. मराठीतली रोगांची नावं बहुतेक अशीच, दिसलं ते सांगणारी: घटसर्प, धनुर्वात, डांग्या खोकला. १९१८ च्या साथीला लोकांनी मानमोडी म्हटलं. ‘इन्फ्लुएंझा’त ग्रहताऱ्यांच्या प्रभावाची इटालियन कल्पना आहे, तर मानमोडीत आजारी माणसाची टाकलेली मान.

लस या शब्दाचा प्रवासही असाच. मुळात लस म्हणजे फोडातून, जखमेतून पाझरणारा पातळ द्रव. १४ जून १८०२ रोजी मुंबईत ॲना डस्टहॉल या तीन वर्षांच्या मुलीला देवीची लस टोचली गेली, ती हिंदुस्थानातली पहिली. पुढे एका मुलाच्या दंडावरच्या फोडातला द्रव दुसऱ्याच्या दंडावर असंच ते चालत राहिलं. इंग्रजी ‘व्हॅक्सिन’मध्ये गाय आहे, कारण जेन्नरने १७९६ मध्ये गाईच्या देवीपासून सुरुवात केली. आता लशीत ना गाय असते, ना फोडातला द्रव. शब्द दोन्हीकडे निर्धास्त चालू आहेत. रोगच गेला की काय होतं, तेही पाहा. ‘देवी काढणे’ हा वाक्प्रचार दंडावर व्रण असलेल्या पिढीबरोबर मावळतो आहे. नारूचं तर नाव ऐकलेली मुलं आता सापडत नाहीत. पायऱ्यांच्या विहिरीत उतरून पाणी भरणाऱ्या मराठवाड्याला हा जंत चांगला ठाऊक होता. विहिरींना कठडे आले, हातपंप आले, पाणी गाळून पिण्याची सवय लागली, आणि २००० साली भारत नारूमुक्त जाहीर झाला. हा शब्द गेला याचं दुःख कुणी करू नये. तो काय होता हे मात्र लिहून ठेवायला हवं.

आता सुरुवातीच्या गावाकडे परत येऊ. युसूफ वडगाव या नावातच दोन थर आहेत. वडाचं गाव हे अस्सल मराठी. वडगावं पुष्कळ असल्यामुळे ओळखीसाठी पुढे काही लावावं लागतं, आणि इथे लागलं ते पश्चिम आशियातून आलेलं नाव. १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत हा मुलूख हैदराबाद संस्थानात होता. सरकारी व्यवहार उर्दूत, शेजारचं अंबाजोगाई कागदोपत्री मोमिनाबाद. या संस्थानाने विज्ञानाच्या परिभाषेत एक मोठा प्रयोग केला, आणि मराठी आढाव्यांत त्याची दखल फारशी घेतली जात नाही. हैदराबादेत १९१८ मध्ये उस्मानिया विद्यापीठ निघालं, शिक्षण उर्दूतून. त्यासाठी वर्षभर आधी भाषांतराचं खातं, दारुल तर्जुमा, उघडलं गेलं. वैद्यकापासून स्थापत्यापर्यंत ग्रंथ उर्दूत आले आणि हजारो संज्ञा अरबी-फारसी मुळांतून घडवल्या गेल्या. आधुनिक विज्ञान भारतीय भाषेतून पदवीपर्यंत शिकवणारं हे देशातलं पहिलं विद्यापीठ. १९४८ नंतर माध्यम इंग्रजी झालं आणि ती परिभाषा एका पिढीत बंद पडली.

त्यातल्या रसायनशास्त्राच्या नावात ‘कीमिया’ होता. हाच अरबी शब्द लॅटिनमार्गे इंग्रजीत ‘केमिस्ट्री’ झाला आणि फारसीमार्गे मराठीत ‘किमया’. इंग्रजीने त्यातून जादू काढून शास्त्र ठेवलं, मराठीने शास्त्राची जागा रसायनाला देऊन किमयेत जादू ठेवली. रसायनाचा जुना अर्थही वेगळाच: म्हातारपण लांबवणारं औषध. आज ‘रासायनिक’ म्हटलं की लोक भाजी बाजूला ठेवतात.

निजामी काळाचे शेतसाऱ्याचे शब्द मात्र मेले नाहीत, ते दप्तरात झोपले होते. फसली सन, ज्यात ५९० मिळवले की इसवी सन येतो. आजूर, दै, बहमन असे फारसी महिने. खासरा पत्रक, पाहणी पत्रक. २०२३ मध्ये मराठवाड्यातल्या कुणबी नोंदी शोधायला न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली गेली, आणि गावोगावच्या जुन्या दप्तरांचे रुमाल सुटले. मोडी आणि उर्दू वाचणाऱ्यांना एकाएकी मागणी आली. आजोबाच्या नावापुढचा एक शब्द लागतो की नाही, यावर नातवाचा जातीचा दाखला ठरू लागला. जुन्या शब्दाची ओळख हा हौशी विद्वानांचा विषय आहे, असं निदान बीड जिल्ह्यात आता कुणी म्हणणार नाही.

शब्द घडवणाऱ्यांचा इतिहास थोडक्यात सांगतो, कारण तो बऱ्याच ठिकाणी लिहिला गेला आहे. शिवकाळात राज्यव्यवहारकोशाने फारसी शब्दांना सुमारे चौदाशे संस्कृत पर्याय दिले. १८३०च्या दशकात हरि केशवजी पाठारे यांनी ‘सिद्धपदार्थविज्ञान’ असा शब्द चालवला, तो ‘नॅचरल फिलॉसफी’साठी. पुढे इंग्रजीतही ती संज्ञा जुनी झाली, आणि मराठीत सिद्धपदार्थविज्ञानाचं पदार्थविज्ञान आणि त्याचं भौतिकशास्त्र झालं. बाळशास्त्री जांभेकरांचं दिग्दर्शन मासिक १८४० चं. दाते-कर्व्यांचा शास्त्रीय परिभाषा कोश १९४८ चा. १९६० नंतर भाषा संचालनालयाने विषयवार परिभाषा कोश काढले, वाईला विश्वकोशाचं काम उभं राहिलं. या कोशांची थट्टा करण्याची प्रथा मला मुळीच पटत नाही. जीवनसत्त्व, प्रथिने, कर्बोदके, गुरुत्वाकर्षण हे शब्द आज कुणाला घडवलेले वाटत नाहीत. ‘कर्बद्विप्राणिल वायू’ टिकला नाही, कारण रसायनात शब्द एकटा येत नाही, सूत्र घेऊन येतो, आणि सूत्राची अक्षरं रोमन होती.

मापांचं तेच. कोळवं, चिपटं, मापटं, शेर, अधोली, पायली ही दुपटीने वाढणारी सुरेख साखळी होती. १९५६ चा मापांचा कायदा झाला आणि १९५८ पासून किलो-लिटर आले. पायली बोलण्यात उरली, बाकीची बहुतेक गेली. गुंठा राहिला. तो जमीन मोजण्याच्या तेहेतीस फुटी साखळीचा चौरस, चाळीस गुंठ्यांचा एकर. सातबारावर हेक्टर आणि आर लिहिलेले असतात, पण बांधावरचं भांडण गुंठ्यातच होतं. फर्लांगाची हकिगतही शेतातलीच: जुन्या इंग्रजीत त्याचा अर्थ नांगराच्या एका तासाची लांबी. मोजमाप दशमान झालं आणि तो घोड्यांच्या शर्यतींपुरता उरला.

सगळ्यात मोठं वजन ज्याला आहे ते जुनं माप म्हणजे आणेवारी. सोळा आणे पीक म्हणजे पूर्ण पीक, आठ आणे म्हणजे निम्मं. १ एप्रिल १९५७ ला नवे पैसे आले, आणा चलनातून गेला, सरकारी कागदावर पैसेवारी आली. गावात अजून दोन्ही शब्द चालतात. पीककापणी प्रयोगावरून ही पैसेवारी काढतात, आणि ती पन्नास पैशांच्या खाली गेली तर सारा माफी, वीजबिलात सूट, परीक्षा शुल्क माफी अशा सवलतींचा मार्ग मोकळा होतो. २०१६ च्या केंद्राच्या दुष्काळ संहितेने पावसाची तूट, जमिनीतला ओलावा आणि उपग्रहावरून दिसणारी हिरवळ हे निकष आणले. तरी पाऊस रुसला की केज-अंबाजोगाईच्या पारावर पहिला प्रश्न येतो, आणेवारी किती लागली?

हे सगळं एका जागी मिळत नाही, ही खरी उणीव. मोलस्वर्थचा कोश १८३१ मध्ये आला आणि १८५७ मध्ये वाढवून सुमारे साठ हजार शब्दांचा झाला. त्याच १८५७ मध्ये लंडनच्या भाषाशास्त्र मंडळात कोशांतून निसटलेल्या शब्दांची चर्चा सुरू झाली, आणि तिच्यातून उभा राहिलेला ऑक्सफर्ड कोश १९२८ मध्ये पुरा झाला. त्यात प्रत्येक शब्दाचा पहिला वापर तारखेसह आहे आणि मागे पडलेल्या शब्दावर खूण आहे. यासाठी लागणारी वाक्यं हजारो साध्या वाचकांनी चिठ्ठ्यांवर लिहून पाठवली. पुण्याच्या डेक्कन कॉलेजात १९४८ पासून याच धर्तीवर संस्कृत कोशाचं काम चालू आहे. जुन्या मराठीसाठी तुळपुळे आणि ॲन फेल्डहाउस यांचा १९९९ चा कोश आहे, पण तो यादवकाळाच्या आसपास थांबतो. एकोणिसाव्या आणि विसाव्या शतकातल्या मराठी विज्ञानशब्दांचा तारीखवार कोश नाही.

तो व्हायचा तर त्याची अर्धी साधनं पुस्तकांत आहेत: दिग्दर्शनाचे अंक, छत्र्यांची कोष्टकं, १९२८ पासूनचं सृष्टिज्ञान मासिक, बंद झालेली पाठ्यपुस्तकं. उरलेली अर्धी माणसांकडे आहेत, आणि त्यांना वेळ थोडा आहे. टाकणखाराबरोबर सोनार आणखी कोणते क्षार ओळखतो, जुना मोजणीदार साखळीच्या भागांना काय म्हणे, दप्तरातला उर्दू पाहणी पत्रकाचा रकाना काय सांगतो, हे विचारायला केज, अंबाजोगाई आणि बीडच्या महाविद्यालयांतली मुलं पुरेशी आहेत. एका नोंदीत शब्द, सांगणाऱ्याचा व्यवसाय, गाव, वस्तूचं रासायनिक नाव आणि तो शब्द शेवटचा कधी कामात वापरला याचं साल एवढं आलं तरी पुरे.